दुसरी ओघळ

कंदील मी चुकीच्या ओघळीत लावला होता, आणि ते कळल्यावर गप्प बसलो. लावताना झाली ती चूक होती. गप्प बसण्यालाही चूकच म्हणायचं तर मी स्वतःला फार स्वस्तात सोडतोय.

कंदील म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आमचा साताऱ्यात ओरिएंटीअरिंगचा छोटा क्लब आहे. बँकेतले, शाळेतले, फौजेतून परतलेले, दोन-तीन डॉक्टर, असे लोक रविवारी सकाळी कुठल्यातरी माळावर जमतात. प्रत्येकाच्या हातात एक नकाशा आणि एक कंपास. नकाशावर गोल काढलेले असतात. त्या प्रत्येक जागी जमिनीवर एक नारिंगी-पांढरं तिकोनी कापड टांगलेलं असतं. ते आकाशकंदिलासारखं दिसतं, म्हणून आमच्यात त्याला कंदीलच म्हणतात. कंदिलाला एक नंबर असतो आणि शेजारी सुयांचा छोटा पंच बांधलेला असतो. धावत जायचं, कंदील शोधायचा, आपल्या कार्डावर भोकं पाडायची, पुढच्या गोलाकडे निघायचं. सगळे कंदील घेऊन जो आधी परत येईल तो जिंकला. एक जरी राहिला तरी बाद.

मी धावण्यात कधीच पुढे नव्हतो. माझी जागा नकाशात होती. मी साताऱ्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. क्लबचे नकाशे मीच काढतो आणि कंदील कुठे लावायचे तेही बहुतेक वेळा मीच ठरवतो. पन्नाशीच्या माणसाला कुणीतरी "नकाशा सुंदर झालाय हो" म्हणालं की आठवडाभर पुरतं.

आमच्या क्लबातला सगळ्यांत तेज माणूस म्हणजे माझा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ. घरात सगळे त्याला भाऊच म्हणतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, कोरेगाव तालुक्यात उसाची शेती. आवाज मोठा, बोलणं त्याहून मोठं. जिंकला की पुढचे दोन रविवार कुणाला सुखानं पोहे खाऊ द्यायचा नाही. माझी तर तो लग्नापासून फिरकी घेत आलेला.

"दाजी नकाशा काढत्यात झ्याक," तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "पर आमच्या उसात सोडलं तर बाहीर काडाय मानूस धाडाय लागतंय."

सगळे हसायचे. मीही हसायचो. मला ते लागत नव्हतं असं मी इतकी वर्षं मानत होतो.

दिवाळीनंतर दरवर्षी सांगलीच्या क्लबाशी आमची स्पर्धा असते. एका वर्षी आमच्याकडे, दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे. त्या वर्षी आमच्याकडे होती, कोरेगावच्या बाजूच्या एका माळावर. नकाशा माझा, तीन-चार वर्षांपूर्वी काढलेला. सत्तेचाळीस नंबरचा कंदील पायवाटेपासूनच्या दुसऱ्या ओघळीत होता, करवंदीच्या जाळीखाली. मी आदल्या दिवशी वाटेवरून आलो, ओघळी मोजल्या, दुसरीत कंदील बांधला आणि पुढे गेलो.

माझ्या लक्षात आलं नाही ते एवढंच, की मधल्या पावसाळ्यांनी वाटेला लागून एक नवी ओघळ पाडली होती. ती नकाशावर नव्हती. म्हणजे जमिनीवर मोजून जी दुसरी, ती नकाशावरची पहिली. माझा कंदील एक ओघळ अलीकडे लागला. करवंदीची जाळी तिथे नव्हती, घाणेरी होती. घाईत मी झुडपाकडे बघितलंच नाही.

आमच्यात एक रीत आहे. कंदील लावणाऱ्याने लावायचे, आणि दुसऱ्या कुणीतरी नकाशा घेऊन एकट्याने सगळे तपासून यायचे. त्या वर्षी तपासणाऱ्याच्या घरी पाहुणे आले. तो फोनवर म्हणाला, "उद्या पहाटे जाऊ का?" मी म्हणालो, "कशाला? मी बघून घेतलंय."

स्पर्धेच्या दिवशी गंमत अशी झाली की जवळजवळ सगळ्यांना सत्तेचाळीस सापडला. त्याच्या आधीचा कंदील पायवाटेजवळच होता. तिथून लोक वाटेने आले, माझ्यासारख्याच ओघळी मोजल्या आणि माझ्या चुकीत बरोबर उतरले. कुणाला जागा थोडी चमत्कारिक वाटलीही असेल, पण कार्डावर भोकं पडली की तक्रार करायला कोण थांबतं?

भाऊ वाटेने आला नाही. वाट लांबची पडते म्हणून तो वरच्या दगडांच्या राशीपासून कंपास लावून थेट खाली उतरला आणि अगदी खऱ्या जागेवर जाऊन उभा राहिला. करवंदीची जाळी होती, मातीचा कडा होता, कंदील नव्हता. तो आजूबाजूला फिरला, परत वर गेला, पुन्हा कंपास लावून उतरला, पुन्हा तिथेच पोचला. शेवटी तो कंदील सोडून पुढचे घेत परत आला. घामाने निथळत होता.

"सत्तेचाळीसला कंदीलच न्हाई," त्याने आल्या आल्या सांगितलं. "कुनीतरी काडून नेलाय."

"नेला कसा?" सांगलीच्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी आत्ता पंच करून आले की." त्यांनी कार्ड दाखवलं. मग आणखी तिघा-चौघांनी दाखवली.

"हवालदारसाहेब, चष्मा घरी राहिला का?"

"भाऊ, बॉर्डरवर असं केलं असतं तर पलीकडे चहा पिऊन आला असता की!"

इतक्या वर्षांच्या पोह्यांचा हिशेब लोकांनी त्या सकाळी पुरा केला. भाऊ माझ्याकडे वळला. "दाजी, तुमीच लावलाय न्हवं? सांगा की ह्यास्नी."

"लावलाय," मी म्हणालो. "तपासूनच लावलाय."

तेव्हा मला चूक माहीत नव्हती. पण 'तपासून' हा शब्द खोटा होता हे माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. भाऊ बाद, माझ्या नकाशावर.

दुपारी मी कंदील गोळा करायला निघालो. ऊन टाळायचं म्हणून उलट्या बाजूने सुरुवात केली आणि सत्तेचाळीसला वरून उतरलो. करवंदीच्या जाळीपाशी पोचलो. कंदील नाही. क्षणभर मलाही वाटलं की कुणीतरी नेला. मग शेजारच्या ओघळीत नारिंगी काहीतरी हललं. मी मधला उंचवटा ओलांडून तिथे गेलो आणि घाणेरीसमोर उभा राहिलो. खालच्या वाटेकडे बघितलं. एक, दोन, तीन. पायाखालची जमीन मला मोजून दाखवत होती. मी चाकूने दोरी कापली, कंदील पिशवीत टाकला आणि भराभर उतरलो, जणू कुणी बघत होतं.

भाऊ अजून गेला नव्हता. झाडाखाली मोटारसायकलला टेकून उभा होता.

"हुता का?" त्याने विचारलं.

"होता," मी म्हणालो. "जागेवरच होता."

त्याने मान हलवली. वाद घातला नाही. तो वाद घालेल याची मी इतकी तयारी केली होती, की त्या मान हलवण्याचा अर्थ मला त्या वेळी कळलाच नाही.

अर्थ काही दिवसांनी बायकोकडून कळला. "भाऊ गाडी चालवायचा बंद झालाय," ती म्हणाली. "वहिनी सांगत होती. कोरेगावला बाजारला जायचं तरी शेजाऱ्याला घेऊन जातो."

माझे सासरे, ज्यांना सगळे आण्णा म्हणत, त्यांना शेवटच्या वर्षांत विस्मरण झालं होतं. पहिल्यांदा ते स्वतःच्या शेतात चुकले होते. बांधावर उभे राहून म्हणत होते, "हितं हीर हुती, कुनी नेली?" विहीर पलीकडच्या बांधाला होती, कायमची. तेव्हा घरातले हसले होते. भाऊ रजेवर आला होता, तोही हसला होता. पुढे आण्णा कोरेगावच्या स्टँडवर बसून आपल्याच गावाला जाणारी गाडी कुठली ते विचारायला लागले, आणि मग कुणी हसलं नाही. शेवटी त्यांनी भाऊला ओळखलं नाही.

भाऊला वाटत होतं, आपलंही आता सुरू झालं. सगळ्या जगाला दिसतं ते आपल्याला दिसत नाही. 'हितं कंदील हुता, कुनी नेला?'

हे ऐकल्यापासून मला एका जागी बसता येईना. ऑफिसात रेघ काढता काढता उठायचो, खिडकीशी जायचो, परत यायचो. घरी जेवताना पाय हलत राहायचा. बायको म्हणायची, "अहो, पाट हलतोय." तो माळाचा नकाशा मी काढून ठेवायचो, परत उघडायचो, त्या समोच्च रेषांवरून बोट फिरवायचो. एकदा ऑफिसातून लवकर निघून कोरेगावला गेलो. गावाच्या फाट्यापर्यंत गेलो. तिथे गाडी थांबवून बोलायचं वाक्य जुळवत बसलो, आणि मागे वळलो. परत एकदा गेलो तेव्हा घरापर्यंत पोचलो. वहिनींनी चहा केला. भाऊ गोठ्यातून आला, हातपाय धुतले, समोर बसला.

"आज कसं येनं केलं?"

"सहज. इकडे काम होतं."

चहा पिऊन आलो.

का बोललो नाही? क्लबात नाव जाईल म्हणून, हे एक. पण सांगायला लाज वाटते ते दुसरं कारण असं, की भाऊ मऊ झाला होता. माझी फिरकी घेत नव्हता. 'दाजी' म्हणताना त्याच्या आवाजात पहिल्यांदाच आदर ऐकू यायचा. मी तो थोडे दिवस चाखला.

मग कोयनानगरला नात्यातलं लग्न निघालं. दरवेळी घाटात गाडी भाऊच्या हातात असते, मला त्या वळणांची धास्ती. या वेळी तो न बोलता मागे जाऊन बसला. मी चालवत होतो आणि आरशात तो दिसत होता. प्रत्येक वळण यायच्या आधी त्याचे ओठ हलायचे, वळण आलं की थांबायचे. तो स्वतःची परीक्षा घेत होता. पुढे डावं, मग उजवं, मग पूल. सगळं बरोबर येत होतं हे मला दिसत होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर काही समाधान उमटत नव्हतं. वहिनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

त्या घाटात मी ठरवलं की आता सांगायचं. तरी सांगितलं नाही. लग्नाच्या गर्दीत कुठे, म्हणून.

द्राक्षांच्या दिवसांत सांगलीच्या क्लबाने तासगावच्या पुढच्या माळावर एक छोटी स्पर्धा ठेवली. मी भाऊला आग्रह करून नेलं. "धावू नका, नुसते चला." तो आला. गाडी आम्ही एका बेदाण्याच्या शेडजवळ लावली. हिरव्या जाळीच्या आत द्राक्षं वाळत पडली होती, गोड आंबूस वास सगळीकडे. भाऊ शेडच्या सावलीत माझं जर्किन सांभाळत बसला आणि मी नकाशा घेऊन निघालो.

त्या दिवशी मला नकाशा वाचताच आला नाही. तिसऱ्या कंदिलाला पोचलो आणि पुढची दिशा कुठली तेच समजेना. स्पर्धा अर्धी सोडून परत आलो. भाऊने पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा त्याच्या तळहातावर काहीतरी लिहिलेलं दिसलं. बॉलपेनने, ठसठशीत अक्षरात: 'हिरवी शेड. पांढरी गाडी. दाजी.'

मी बघतोय हे त्याला दिसलं. त्याने मूठ मिटली नाही.

"हसू नगा," तो म्हणाला. "आन्नांनी आदीच लिवून ठेवायची सवं लावली असती तर शेवटाला एवढं हाल झालं नसतं. मी आत्तापासनंच चालू केलंय."

मी बाटली खाली ठेवली. पाणी प्यायलो की नाही ते आठवत नाही. परतीच्या रस्त्यावर, एका उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो होतो तेव्हा, मी समोर बघतच बोललो. "भाऊ, त्या दिवशी चूक माझी होती. कंदील मी चुकीच्या ओघळीत लावला होता. तुम्ही बरोबर होता."

मला वाटलं होतं तो ओरडेल. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं.

"दाजी, नगा समजूत काडू. लय चांगलं मन हाय तुमचं."

"समजूत नाही. खरंच."

"व्हय, व्हय. वलांडा आता त्येला. म्होरं रस्ता मोकळा हाय."

गप्प बसण्याने काय केलं ते मला तिथे कळलं. इतके दिवस ठेवून ठेवून मी खऱ्याची किंमत घालवून टाकली होती. आता ते दयेसारखं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन माळावर गेलो. वरच्या दगडांच्या राशीपाशी थांबून नकाशा आणि कंपास त्याच्या हातात दिला. "सत्तेचाळीसला न्या मला."

"नगं, दाजी."

"एकदा. माझ्यासाठी."

तो बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. मग कंपास छातीशी धरला, स्वतःभोवती सावकाश वळला आणि चालायला लागला. मी मागे. वाळलेलं गवत पँटला चिकटत होतं. तो एकदाही थांबला नाही. करवंदीच्या जाळीपाशी, मातीच्या कड्याखाली उभा राहिला.

"हितं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशी बी मी हितंच आलतो."

"बरोबर आहे. हीच जागा. आता माझ्यामागे या."

मधला उंचवटा ओलांडून मी त्याला शेजारच्या ओघळीत नेलं. घाणेरी होती. तिच्या बुडाशी, खोडाला, निळ्या नायलॉन दोरीचा तुकडा तसाच होता. त्या दुपारी घाईत कापताना गाठ मी तिथेच सोडली होती. भाऊ वाकला. दोरी बोटात धरून फिरवली. ती गाठ त्यानेच मला शिकवली होती, फौजेतली, वाऱ्याने सुटत नाही अशी. क्लबात ती आम्हा दोघांनाच येते.

मी खाली वाट दाखवली, नवी ओघळ दाखवली, नकाशावर ती नाही ते दाखवलं. त्याला गरज नव्हती. पहिल्या नजरेतच त्याने सगळं जुळवलं होतं. तो कडेला मातीत बसला. कालच्या शाईचे डाग तळहातावर होते, ते अंगठ्याने चोळत राहिला.

"म्हंजे डोस्कं ठिकान्यावर हाय माझं."

"आहे, भाऊ."

"आन् तुमाला कवापासनं ठावं हाय?"

"त्याच दुपारपासून. कंदील काढायला आलो तेव्हापासून."

"मी इचारलं हुतं तुमास्नी. झाडाखाली उभा ऱ्हाऊन."

"हो."

वाऱ्याने घाणेरी हलत होती. "आन्नांच्या फोटूला रोज इचारत हुतो मी," तो म्हणाला, "किती दिस ऱ्हायल्यात म्हनून. आन् तुमी घरी यून च्या पिऊन गेला." मग उठला, हात पुढे केला. "चावी द्या."

गाडी त्याने चालवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आपल्या दारात गाडी उभी केली, चावी तशीच ठेवली, उतरून आत गेला. त्या घरात जावयाला चहा न विचारता कुणी आत गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

बायकोला संध्याकाळी सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, परत सुरू झालं. पुढे तीन-चार दिवस घरात कामापुरतंच बोलणं. भाऊला फोन केले, त्याने उचलले नाहीत. शनिवारी ती म्हणाली, "उद्या भाऊ येणारे क्लबात. काय बोलायचं ते ठरवून जा."

रविवारी नकाशे वाटायच्या आधी मी सगळ्यांना थांबायला सांगितलं. त्या दिवशी सांगलीचेही काही लोक आले होते, त्या डॉक्टरीणबाईही. भाऊ सगळ्यांच्या मागे मोटारसायकलवरच बसून होता. स्वतः चालवत आला होता. हेल्मेट काढलं नव्हतं, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

मी कागदावर काही लिहून आणलं नव्हतं. बोलताना हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून पिशवीतून सत्तेचाळीस नंबरचा कंदील काढून हातात धरला.

"दिवाळीनंतरच्या स्पर्धेत हा कंदील मी चुकीच्या ओघळीत लावला होता," मी म्हणालो. "तपासला नव्हता, तरी तपासला म्हणून सांगितलं. तुम्हा सगळ्यांना तो सापडला, कारण तुम्ही माझ्यासारखेच चुकलात. बरोबर जागी एकटे भाऊ उभे होते, आणि आपण त्यांना हसलो. त्याच दुपारी मला चूक कळली. भाऊंनी मला विचारलं, आणि मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. त्यानंतर ते रोज काय सोसत होते हे मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिलो." मी मागे मोटारसायकलकडे बघितलं. "भाऊ, तुम्ही चुकला नव्हता. मी चुकलो. माझ्यामुळे तुमचा तुमच्यावरचा विश्वास गेला. मला माफ करा."